ट्विन शेअरिंग एसी खोलीतील हवा : पुण्यातील एका खासगी रुग्णालयाचे परीक्षण

माझ्या आत्याला न्यूमोनियासाठी पुण्यातील एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात दाखल केले होते. तेथे तिला ट्विन शेअरिंग एसी खोली मिळाली आणि डिस्चार्ज मिळेपर्यंत रात्रीचा सोबती म्हणून मी तिच्याजवळ राहिलो. रुग्णालयांविषयी लिहिताना लोक डॉक्टरांचे कौशल्य, सिस्टरांची वागणूक, स्वच्छता, जेवण आणि कॅशलेस मंजुरीला लागणारा वेळ यांबद्दल सविस्तर लिहितात. हवेबद्दल लिहिलेच तर एसी नीट चालतो की नाही, एवढेच लिहितात. इमारतींच्या वातानुकूलन यंत्रणांचे आरेखन हा माझा व्यवसाय असल्यामुळे मी या परीक्षणात फक्त खोलीतील हवेचाच विचार केला आहे. रुग्णालयाचे नाव देत नाही, कारण कामानिमित्त पाहिलेल्या इतर अनेक रुग्णालयांतही खोल्यांची रचना अशीच आहे आणि सगळा दोष एकावर टाकणे अन्यायाचे होईल. उपचारांबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. डॉक्टर वेळेवर येत, नीट समजावून सांगत, आणि सिस्टर रात्री-अपरात्रीही हाकेसरशी येत.

खोली साधारण साडेपाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि फॉल्स सीलिंगपर्यंत पावणेतीन मीटर उंच, म्हणजे सुमारे ६० घनमीटर आहे. दोन खाटा, मध्ये छतापासून सोडलेला पडदा, प्रत्येक खाटेशेजारी सोबत्यासाठी अरुंद बाक, एक स्वच्छतागृह आणि भिंतीवर दीड टनाचा स्प्लिट एसी. खिडकी मोठी असली तरी सरकत्या काचेला स्क्रू मारून ती पक्की बंद केलेली होती. खोली दिसायला उत्तम आहे. फरशी दिवसातून दोनदा पुसली जाते, चादरी रोज बदलतात आणि कोठेही वास येत नाही. मात्र ताजी हवा आत येण्याचा एकही हेतुपुरस्सर ठेवलेला मार्ग या खोलीत नाही, आणि माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतो, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात भिंतीवरचा पंखा खोलीतलीच हवा ओढून घेतो, थंड नळ्यांवरून नेतो आणि पुन्हा खोलीतच सोडतो. बाहेरच्या युनिटशी त्याचा संबंध फक्त गॅसच्या नळ्यांपुरता असतो. त्याच्या पुढच्या झाकणाखाली असलेली जाळी धूळ आणि केसांचे पुंजके अडवण्यासाठी असते. खोकल्यातून, बोलण्यातून आणि साध्या श्वासातूनही बाहेर पडणारे एक ते पाच मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण तिच्यातून सहज पार होतात. अशा कणांचा हवेतील मुक्काम किती असतो, हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते. शंभर मायक्रॉनचा थेंब काही सेकंदांत जमिनीवर पडतो. पाच मायक्रॉनच्या कणाला दीड मीटर खाली यायला स्थिर हवेत अर्धा तास लागतो आणि एक मायक्रॉनच्या कणाला बारा तासांच्या आसपास. एसीच्या झोताने हवा सतत हलत असेल तर तो त्याहूनही अधिक काळ तरंगत राहतो. क्षय, गोवर आणि कांजिण्या यांचा प्रसार अशा तरंगत्या कणांतून होतो, हे फार पूर्वीपासून माहीत आहे; कोविडने त्याची आठवण सगळ्या जगाला पुन्हा करून दिली.

खोलीत किती ताजी हवा येते, हे अजमावण्यासाठी मी कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे मीटर बरोबर नेले होते. माणूस श्वासावाटे हा वायू सोडतो, त्यामुळे बंद जागेत त्याचे प्रमाण जितके वाढते तितकी दुसऱ्यांनी वापरलेली हवा आपण आत घेत असतो. मीटर विकत घ्यायचे असेल तर अवरक्त किरणांवर चालणारा संवेदक, म्हणजेच एनडीआयआर सेन्सर, असलेलेच घ्यावे. बाजारात मिळणारी अनेक स्वस्त मीटरे दुसऱ्याच वायूंवरून अंदाज बांधतात आणि हातावर सॅनिटायझर चोळले तरी त्यांचा आकडा उसळतो. रुग्णालयात ते यंत्र निरुपयोगी ठरेल.

बाहेरच्या हवेत ४३० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४३० भाग) आसपास असलेला आकडा आमच्या खोलीत पहाटे १५०० पर्यंत गेलेला असे. दोन रुग्ण आणि दोन सोबती, असे चौघे विश्रांतीच्या अवस्थेत मिळून ताशी सुमारे ५८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. आकडा १५०० वर स्थिरावतो याचा अर्थ खोलीत ताशी सुमारे ५४ घनमीटरच बाहेरची हवा येत आहे. खोलीतली सगळी हवा तासाभरात एकदाही बदलत नाही. प्रत्येक रुग्णामागे हे प्रमाण सेकंदाला साडेसात लिटर पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये रुग्णालयांच्या नैसर्गिक वायुवीजनाविषयी, म्हणजे दारे-खिडक्यांतून हवा खेळती ठेवण्याविषयी, जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत सर्वसाधारण वॉर्डसाठी प्रत्येक रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवा सुचवली आहे, आणि हवेतून पसरणाऱ्या आजाराच्या रुग्णांसाठी सरासरी १६० लिटर. म्हणजे आमच्या खोलीत साध्या वॉर्डच्या अपेक्षेच्या एक अष्टमांश हवा येत होती. या हिशोबात थोडीफार चूक गृहीत धरली, तरी तफावत दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

हवा येत होती तीही दाराच्या फटीतून, कॉरिडॉरमधली. अशा खोलीत एरवी स्वच्छतागृहातला एक्झॉस्ट पंखा हवा बाहेर ओढतो आणि तिची जागा दाराखालून येणारी हवा घेते. हे तपासण्यासाठी टिश्यू पेपरची बोटभर रुंदीची पट्टी पुरेशी आहे. ती फटीपुढे धरली की कोणत्या दिशेला झुकते ते दिसते, आणि एक्झॉस्टच्या जाळीला चिकटून राहते की गळून पडते, यावरून पंख्याची ओढही कळते. धुराची दिशा पाहण्यासाठी उदबत्ती लावण्याचा मोह कोणीही करू नये, कारण खाटेशेजारी ऑक्सिजन चालू असताना तसे करणे जिवावर बेतू शकते. आमच्या स्वच्छतागृहातली पट्टी जाळीला चिकटली नाही. पंखा फिरत होता, आवाजही करत होता, पण त्याच्या पात्यांवर आणि बाहेरच्या झडपांवर धुळीचा असा थर बसला होता की झडपा उघडतच नव्हत्या.

मी रात्रपाळीच्या सिस्टरांना खिडकी उघडता येईल का, असे विचारले. त्या म्हणाल्या, “काका, खिडकी उघडली की डास येतात, एसीचं पाणी गळतं, आणि शेजारच्या आजींनाही थंडी वाजते. मेंटेनन्सनेच स्क्रू मारलेत.” त्यांचे तिन्ही मुद्दे खरे आहेत. डेंग्यूच्या हंगामात जाळी नसलेली खिडकी उघडी ठेवा, असे कोणताही जबाबदार माणूस सांगणार नाही. म्हणूनच याचा दोष सिस्टरांकडे किंवा मेंटेनन्सकडे जात नाही. खोली आखतानाच ताज्या हवेसाठी वेगळा पंखा आणि फिल्टर द्यायला हवा होता. तो नसला की कर्मचाऱ्यांपुढे डास आणि कोंदट हवा यांपैकी एक निवडण्यावाचून मार्ग उरत नाही.

हवेचा प्रवास प्रत्यक्ष डोळ्यांना दिसला तो वेगळ्याच निमित्ताने. रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागाची परवानगी घेऊन मी घरचा एअर प्युरिफायर आत्याच्या उशापाशी ठेवला होता. त्यावर सूक्ष्म कणांचे प्रमाण दाखवणारा आकडा असतो आणि तो दिवसभर तिशीच्या घरात असे. शेजारच्या आजींना नेब्युलायझर (औषधाची वाफ मास्कमधून देणारे यंत्र) सुरू झाला, तेव्हा पडदा पूर्ण ओढलेला होता आणि त्यांच्या मास्कपासून आमचे यंत्र तीन मीटर तरी लांब होते. दोन-तीन मिनिटांत आकडा दोनशेच्या पुढे गेला, दिवा हिरव्याचा लाल झाला आणि पंखा आपोआप वेगाने फिरू लागला. नेब्युलायझर औषधाचे जे तुषार तयार करतो ते बहुतांशी एक ते पाच मायक्रॉनचेच असतात, म्हणजे संसर्ग वाहून नेणारे कण ज्या आकाराचे असतात, नेमके त्याच. पडद्याने रुग्णाची लज्जा राखली जाते, आणि ते आवश्यकच आहे. पण हवेच्या दृष्टीने दोन्ही खाटा एकाच पेटीत आहेत, हे त्या आकड्याने निर्विवादपणे दाखवले. आजींना बरेच दिवस खोकला होता आणि त्यांच्या थुंकीच्या सीबीनॅट, म्हणजे क्षयाचे जंतू शोधणाऱ्या, तपासणीचा निकाल अजून यायचा होता. सुदैवाने तो निगेटिव्ह आला. परंतु क्षयाची शंका असलेला रुग्ण आणि न्यूमोनियाने फुप्फुसे आधीच दुबळी झालेली सत्तरीची रुग्ण यांना तपासणीचा निकाल येण्याआधी अशा बंद खोलीत शेजारीशेजारी ठेवणे मला गंभीर वाटते. क्षयाचा इतका मोठा भार असलेल्या देशात ही दक्षता दाखल करून घेण्याच्या खिडकीपासूनच सुरू व्हायला हवी.

आता प्युरिफायरविषयी, कारण अनेक कुटुंबे तो बरोबर नेण्याचा विचार करतात. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवतो, ही त्याची प्रमाणित क्षमता आहे. पण खोलीला उपयोग किती, हे फिल्टरइतकेच पंख्यावर अवलंबून असते. त्यासाठी खोक्यावरचा सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देते तो आकडा, पाहावा आणि त्याला खोलीच्या घनफळाने भागावे. माझ्या यंत्राचा सीएडीआर ३०० आहे, म्हणजे ६० घनमीटरच्या खोलीत ताशी पाच हवाबदलांइतकी (खोलीच्या घनफळाएवढी हवा एकदा बदलणे म्हणजे एक हवाबदल) कणमुक्त हवा. परंतु हा आकडा सर्वांत मोठ्या वेगाचा असतो. त्या वेगाला यंत्राचा आवाज इतका असतो की आजारी माणसाला झोप लागत नाही, आणि रात्रीच्या मंद वेगावर ठेवले की क्षमता निम्म्याहूनही खूप खाली येते. घ्यायचाच असेल तर खोलीच्या गरजेपेक्षा मोठे यंत्र घेऊन ते मधल्या वेगावर चालवणे श्रेयस्कर. आयोनायझरची, म्हणजे हवेत विद्युतभारित कण सोडण्याची, सोय असलेली यंत्रे रुग्णाजवळ वापरू नयेत, कारण त्यांतली काही ओझोन तयार करतात आणि ओझोन फुप्फुसांना झोंबतो.

प्युरिफायरने कार्बन डायऑक्साइड कमी होत नाही. त्यामुळे तो चालू असताना मीटरवरचा १५०० चा आकडा तसाच राहील आणि तरीही हवेतले संसर्गजन्य कण कमी झालेले असतील. या दोन गोष्टींची गल्लत करू नये. त्याच्या उपयोगाचा चांगला पुरावा इंग्लंडमधील केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स रुग्णालयातून मिळाला आहे. तेथे कोविडच्या वॉर्डमध्ये हेपा आणि अतिनील किरणांची फिरती यंत्रे बंद असताना हवेच्या नमुन्यांत विषाणू सापडला, यंत्रे चालू असलेल्या काळात सापडला नाही, आणि ती पुन्हा बंद केल्यावर परत सापडला. हवेत विषाणू नसणे आणि रुग्णाला संसर्ग न होणे या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत, हे मान्य करूनही मी ज्येष्ठ रुग्णासाठी मोठा प्युरिफायर नेण्याच्या बाजूने आहे.

याच रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत बारा खाटांचा जनरल वॉर्ड आहे. तेथे दाखल असलेल्या एका परिचितांना भेटायला गेलो तेव्हा मीटर खिशात होते. उंच छत, समोरासमोरच्या दोन्ही भिंतींत खिडक्या, त्यांना डासांच्या जाळ्या, वर झरोके आणि छताला पंखे. भेटायला आलेल्यांसह वीसेक माणसे आत असताना आकडा ५४० होता. हिशोब केला तर प्रत्येक रुग्णामागे सेकंदाला साठ लिटरच्या आसपास हवा तेथे वाहत होती. त्याच रुग्णालयात, कितीतरी कमी खोलीभाड्यात, आमच्या खोलीच्या सुमारे आठपट!

हा योगायोग नाही. पेरूमधील लिमा शहरातल्या रुग्णालयांत केलेला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या क्षेत्रात नेहमी दाखल्यादाखल दिला जातो. त्यात दारे-खिडक्या उघडल्यावर खोल्यांतील हवा ताशी सरासरी २८ वेळा बदलत असल्याचे आढळले, तर यांत्रिक वायुवीजनाच्या खोल्यांत बारा वेळा. आणि १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या इमारती नव्या इमारतींपेक्षा दुपटीहून सरस ठरल्या. आपल्याकडे मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारखी क्षय आरोग्यधामे मोकळ्या हवेच्या जागी वसवली गेली, तीही याच जाणिवेने. भारत सरकारनेही २०१० मध्ये आरोग्य केंद्रांतील हवेतून होणाऱ्या संसर्गाच्या नियंत्रणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांत नैसर्गिक वायुवीजनाला मोठे स्थान दिले आहे.

जनरल वॉर्ड निर्दोष आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. दोन खाटांमधले अंतर कमी आहे, आणि शेजारचा रुग्ण तोंडासमोर खोकला तर खिडकीचा काही उपयोग होत नाही. नैसर्गिक वायुवीजन वाऱ्यावर अवलंबून असते. मे महिन्यातल्या वारा पडलेल्या दुपारी ते मंदावते, पावसाची झड आत येऊ लागली की खिडक्या लावाव्या लागतात, आणि डिसेंबरच्या रात्री रुग्णच त्या बंद करतात. गोंगाट आणि गर्दी तर आहेच. तरी, श्वास घ्यायला कोणती जागा चांगली एवढाच प्रश्न असेल, तर माझे उत्तर नि:संकोचपणे तो वॉर्ड हेच आहे.

सर्वांत अधिक चिंता मला आमच्याच मजल्यावरच्या ‘आयसोलेशन’ अशी पाटी असलेल्या खोलीची वाटली. अशा खोलीत हवेचा दाब कॉरिडॉरपेक्षा किमान अडीच पास्कलने (पास्कल हे दाबाचे एकक) कमी हवा, म्हणजे दार किलकिले झाले तरी हवा आतच ओढली जाईल. ताशी बारा हवाबदल हवेत आणि ओढलेली हवा थेट इमारतीबाहेर किंवा हेपा फिल्टरमधून जायला हवी. येथे आतमध्ये साधा स्प्लिट एसी होता, दार बहुतेक वेळ अर्धवट उघडे असे, आणि बंद असताना दाराखाली धरलेली टिश्यूची पट्टी कॉरिडॉरच्या दिशेने झुकत होती. पाटी पाहून नातेवाईक आणि कर्मचारी निर्धास्त होतात, त्यामुळे पाटी नसलेल्या खोलीपेक्षा ही खोली अधिक धोक्याची आहे. तेथील रुग्ण हलवल्यावर फरशी व खाट जंतुनाशकाने पुसून तासाभरात नवा रुग्ण आणला गेला. ताशी बारा हवाबदल असतील तर हवेतील ९९ टक्के कण निघून जायला २३ मिनिटे पुरतात, सहा असतील तर ४६ मिनिटे; ताशी एकच हवाबदल असेल तर साडेचार तासांहून अधिक काळ लागतो. पुसलेली फरशी दिसते, हवा दिसत नाही, म्हणून ही प्रतीक्षा कोणाच्या वेळापत्रकात नसते.

शस्त्रक्रियागृहाबाबत हेच रुग्णालय अत्यंत काटेकोर आहे, हे मुद्दाम नमूद करतो. तेथे स्वतंत्र एअर हँडलिंग युनिट (हवा गाळून व थंड करून पुरवणारे यंत्र), हेपा फिल्टर, आतून बाहेर ढकलणारा दाब आणि दाब दाखवणारे मीटर दारावर आहे. त्याची तपासणी होते, नोंदी राहतात, मान्यतेसाठी त्या दाखवाव्या लागतात. रुग्ण शस्त्रक्रियागृहात दोन तास असतो आणि खोलीत कित्येक दिवस, पण खोलीच्या हवेची नोंद ठेवणारे कोणी नाही. मला वाटते, या रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला हवेचे शास्त्र पूर्ण अवगत आहे. ते खोल्यांपर्यंत नेण्याची मागणी आजवर कोणी केलेली नाही.

डिस्चार्जपूर्वी मी हे सर्व आकड्यांसह लेखी दिले. मेंटेनन्सचे प्रमुख स्वतः आले, त्यांनी मीटर हातात घेऊन पाहिले आणि दोन कामे लगेच करून घेतली: एक्झॉस्टच्या झडपा साफ केल्या आणि खिडकीचे स्क्रू काढून चार बोटे उघडेल असा अडसर व जाळी बसवली. दुसऱ्या पहाटे आकडा ६५० च्या आसपास होता, म्हणजे ताशी चार हवाबदलांच्या जवळपास. एसी चालूच होता, खोली थोडी कमी गार होती, एवढेच. रुग्णामागे सेकंदाला साठ लिटरच्या अपेक्षेपासून आपण अजून दूर आहोत, हे त्यांनाही मान्य होते. त्यासाठी फिल्टरसह ताज्या हवेचा स्वतंत्र पंखा बसवावा लागेल आणि तो खर्च व्यवस्थापनाच्या मंजुरीवर आहे. छताजवळ अतिनील दिवे बसवणे हा आणखी एक पर्याय मी सुचवला आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस बाल्टिमोरच्या रुग्णालयात क्षयाच्या सहा खाटांच्या वॉर्डची हवा वरच्या मजल्यावरच्या गिनी पिगांकडे नेली असता त्यांना क्षय झाला, आणि तीच हवा अतिनील किरणांखालून नेली असता झाला नाही, इतका जुना आधार या उपायाला आहे.

या रुग्णालयात हाडाच्या शस्त्रक्रियेसाठी किंवा थोड्या दिवसांसाठी कोणी दाखल होणार असेल, तर खिडकी उघडणारी ट्विन शेअरिंग खोली घ्यायला हरकत नाही. खोली ताब्यात घेतानाच खिडकी आणि एक्झॉस्ट तपासून घ्यावे आणि शेजारच्या रुग्णाला ताप-खोकला असेल तर दुसरी खोली मागावी. न्यूमोनिया, दमा, केमोथेरपी किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरच्या रुग्णासाठी परवडत असेल तर सिंगल रूम घ्यावी, आणि तीही खिडकी उघडत असेल तरच. क्षयाची शंका असलेल्या रुग्णाला, दाब मोजून दाखवता येईल अशी आयसोलेशन खोली तयार होईपर्यंत, मी येथे दाखल करणार नाही. वैद्यकीय सेवेसाठी मी या रुग्णालयाला पाचपैकी साडेचार गुण देतो. ट्विन शेअरिंग खोलीच्या हवेला आम्ही दाखल झालो तेव्हा एक, आणि खिडकी उघडल्यानंतर तीन.